पोलिक्सेनीची खुर्ची

ग्रीसमधल्या एपिरसच्या डोंगरातल्या त्या गावी जत्रेचा साउंड तीस वर्षं पोलिक्सेनी सांभाळत होती. शाळा सहावीपर्यंत, पुढचं सगळं नवऱ्याच्या व्हॅनमध्ये. नवरा गेला, व्हॅन राहिली आणि कान तर तिचेच होते.

यंदा पालिकेचा कागद आला: आवाजाच्या मिक्सरपुढच्या खुर्चीत डिप्लोमावालाच बसेल, त्याच्या सहीशिवाय जत्रा नाही.

"कायदा आहे गं," सरपंच पावलोस म्हणाला. "तू आरामात बस, मटण खा."

मटणावर गप्प बसणारी बाई ती नव्हे. खुर्ची गेली तर जत्रेत ती कोण? काळ्या झग्यातली एक विधवा. तशा गावात एकोणीस होत्या.

डिप्लोमावाला प्रोद्रोमोस अथेन्सहून आला. भर दुपारी रिकाम्या चौकात टाळ्या वाजवून त्यानं लॅपटॉपवर आवाजाची मापं घेतली. पोलिक्सेनी स्पीकर चिनाराच्या फांद्यांवर टांगायची, ते त्यानं उतरवून नाचाच्या जागेभोवती मांडले.

"मावशी, पुस्तकात असंच आहे."

"लाम्ब्रोस कुठं उभा राहतो, ते आहे का पुस्तकात?"

"क्लॅरिनेटवाले? स्टेजवर. आणखी कुठं?"

तिनं सांगायला हवं होतं, पण ती काही संत नव्हती.

संध्याकाळी फेर सुरू झाला. सत्तरीचा लाम्ब्रोस, रीतीप्रमाणे, फेराच्या पुढं नाचणाऱ्या गावच्या सुईणीच्या कानाशी वाजवायला खाली उतरला. क्लॅरिनेटला माइक अडकवलेला. तो स्पीकरपुढून गेला मात्र, माइकनं स्पीकरचाच आवाज धरला आणि अशी किंकाळी उठली की पाद्रीबुवांच्या हातून पेला सुटला.

"डुक्कर कापताय का रे?" लाम्ब्रोस ओरडला. "मी नाही वाजवत जा!"

प्रोद्रोमोस घामाघूम. "त्यांना स्टेजवर जायला सांगा!"

"पन्नास वर्षांत त्याच्या बायकोला जमलं नाही ते."

"मावशी, या ना!"

"येते. पण उठू नकोस, कायदा आहे."

नाचणाऱ्यांनीच स्पीकर झाडावर चढवले. पोलिक्सेनी खुर्चीमागे उभी राहिली. उजव्या खांद्यावर थाप म्हणजे आवाज वाढव, डाव्यावर म्हणजे कमी कर. लाम्ब्रोस खुशाल फिरला, सुईणीनं चौक दणाणून सोडला. प्रोद्रोमोसचे खांदे मात्र लाल झाले.

"कायदा पाळला ना?" पावलोसनं विचारलं.

"बसला होता की हा," पोलिक्सेनी म्हणाली.

प्रोद्रोमोस खांदा चोळत म्हणाला, "पुढच्या वर्षी दोन खुर्च्या मांडा. नाहीतर माझी सही मिळणार नाही."

"एकच पुरे," ती म्हणाली. "उभ्यानं हात बरोबर बसतो."