प्रदर्शनात लागलेलं माझं चित्र

आधी चहा संपवा. हे ऐकताना घोट घशात अडकला तर मी जबाबदार नाही. फजिती माझी आहे, पण ठसका तुम्हाला लागेल!

तर झालं असं. आमच्या वसईत एक कला महाविद्यालय आहे. दर डिसेंबरात तिथे व्याख्यानं, चित्रांचं प्रदर्शन, मुलांनी केलेल्या फिल्मा असं सगळं असतं. "सर्वांना मुक्त प्रवेश" असा मेसेज आमच्या आगाशी गावच्या ग्रुपवर आला. निवृत्त माणसाला आणखी काय हवं? सुनंदाला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना म्हटलं, "चल, साडी बदल."

खरं सांगू का? घरात बसवत नव्हतं. आमची एकुलती एक केतकी डब्लिनला. आधी नोकरी, मग बढती, मग आणखी एक बढती. दर वर्षी तेच, "पुढच्या वर्षी नक्की येते हं बाबा!" संध्याकाळ झाली की मी राखाडी शाल डोक्यावरून घेऊन तळ्याच्या काठावर जाऊन बसायचो. कोणी विचारलं तर सांगायचो, हवा खातोय. हवा कसली खातोय! फोन वाजतो का ते बघत बसायचो.

महाविद्यालयात आधी आम्ही फिल्म बघायला बसलो. पडद्यावर एक नळ. नळातून एक थेंब पडला. मी सरसावून बसलो, म्हटलं आता काहीतरी घडणार. दुसरा थेंब पडला! सुनंदा मोठ्यांदा म्हणाली, "वायसर गेलाय." पुढची दोन मुलं वळून बघायला लागली. आम्ही गुपचूप उठलो आणि शेजारच्या हॉलमध्ये शिरलो.

आणि काय सांगू! समोरच्या भिंतीवर मी!

अहो, खरंच. हे एवढं मोठं चित्र. पाण्याच्या काठावर एक आकृती, आपल्याकडे पाठ करून. डोक्यावरून राखाडी पांघरूण, खांदे खाली आलेले. दोन्ही बाजूंना कान जरा जास्तच वर आले होते, पण माझे कान लहानपणापासून तसेच आहेत. लांबवर एक होडी होती. आता आगाशीच्या तळ्यात होडी कुठून आली? म्हटलं, कलावंत आहे, घालणारच पदरचं काहीतरी! खाली नाव होतं, 'प्रतीक्षा'.

कोणीतरी मला बघत होतं. आणि नुसतं बघत नव्हतं, त्याला सगळं कळलं होतं.

सुनंदाने चष्मा लावला. चित्राजवळ गेली, लांब गेली, माझ्याकडे बघितलं.

"मीच ना गं?"

तिने चित्राच्या खालच्या कडेकडे पुन्हा एकदा बघितलं. मग म्हणाली, "फोन लावा केतकीला."

लावला. व्हिडिओ कॉल.

"बाबा, मीटिंगमध्ये आहे, नंतर..."

"एकच मिनिट. हे बघ, तुझ्या बापाचं चित्र लागलंय. नाव वाच. रोज संध्याकाळी मी असाच बसतो गं. तुला कधी बोललो नाही, पण..." आणि पुढे आवाजच फुटेना.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मला वाटलं, गेली मीटिंगला.

"होळीला येते, बाबा," ती म्हणाली. "तिकीट आजच काढते."

मग काय विचारता! मी हवेत. दारावरच्या वॉचमनला सांगितलं, चार अनोळखी बायकांना सांगितलं, चित्रासमोर पाठ करून फोटो काढून घेतले. तेवढ्यात ते चित्र काढणाऱ्या मुलीचं व्याख्यान सुरू होणार असं कळलं. मी खांद्यावरची राखाडी शाल नीट डोक्यावरून घेतली आणि पहिल्या रांगेत जाऊन बसलो. तिने ओळखायला नको?

मुलीचं नाव रेश्मा. पाचूबंदरच्या कोळीवाड्यातली. चुणचुणीत पोर. चित्र पडद्यावर आलं मात्र, मी उठून उभाच राहिलो.

"बाळ, तुझे आभार मानायला आलोय. मीच तो!"

ती गोंधळली. "कोन, काका?"

"हा बसलेला माणूस! मी!"

तिने चित्राकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. कानांकडेही बघितलं असावं.

"काका, मानूस नाय तो. स्कूटर हाय. ताडपत्री घातलेली. ते वर आलेत ते आरसे."

हॉलमध्ये जे हसू फुटलं! वॉचमन दारातून आत डोकावला.

पण पोर हसत नव्हती. हळूच म्हणाली, "माझ्या पप्पांची. पप्पा बोटीवर गेले ते परत आलेच नाय. आई ती विकू पन देत नाय, चालवू पन देत नाय. रोज सकाळी ताडपत्री तेवढी नीट करते."

मी उभाच. बसावं की पळावं, काही कळेना.

"तुम्ही कोनाची वाट बघता, काका?" तिने विचारलं.

"मुलीची," मी म्हणालो. आणि शालीनेच डोळे पुसले. तिनेही ओढणीने पुसले.

घरी आल्यावर खरा घोळ सुरू झाला. केतकीला सांगायचं कसं? पोरीने तिकीट काढलं ते एका स्कूटरकडे बघून! रोज फोनवर ती विचारायची, "बाबा, काय आणू?" आणि रोज मी म्हणायचो, "तू ये फक्त."

ती आली. होळीच्या आदल्या दिवशी, एवढी मोठी बॅग घेऊन. घर भरून गेलं हो! होळीला पुरणपोळी ताटात पडली आणि मला राहवेना. म्हटलं, "बाळा, एक सांगायचंय. ते चित्र... माझं नव्हतं. ती स्कूटर होती."

"माहितीये, बाबा. खाली चाक दिसत होतं."

"चाक? मला ती माझी चप्पल वाटली!"

"चित्र बघून कुठे तिकीट काढलं मी! तुमचा आवाज ऐकून काढलं. तुम्ही कधी म्हणालातच नाहीत ना, ये म्हणून."

मी वळून बघितलं. सुनंदा शांतपणे पोळीवर तूप वाढत होती.

"तुला पण दिसलं होतं चाक?"

"दिसलं होतं की."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही फोन लावला असतात?" तिने तुपाचं भांडं खाली ठेवलं आणि मला आपादमस्तक न्याहाळलं. "आणि शंका मला तेव्हाच आली होती. तुमच्या मानाने ते चित्र फारच सडपातळ होतं."