सावंत टीचरचा देवांचा स्टँड

आणि फळी काढली पण.

कोणाला विचारलं नाही, सांगितलं नाही. रंगारी आले, स्क्रू काढले, फळी जिन्याखाली झाडूंबरोबर टाकून दिली. वर टीचरच्या जागी आलेल्या नवीन मॅडम म्हणतात, भिंत आता कशी क्लीन वाटते.

क्लीन म्हणे.

आज सावंत टीचरना जाऊन वर्ष झालं. आजच्या दिवशी तरी गप्प बसायचं ठरवलं होतं. नाही बसत.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. मी घाटकोपरला सरकारी नर्सिंग स्कूलच्या हॉस्टेलमध्ये मावशी आहे. सावंत टीचर आमच्या ट्यूटर. मूळच्या कुडाळच्या. युनिफॉर्मला सुरकुती दिसली की पोरीला दारातून परत पाठवायच्या.

ही फळी त्यांची. हॉस्टेलच्या दारापाशी, खुंट्या ठोकलेली.

वॉर्डला निघताना गळ्यातलं, हातातलं सगळं तिथे काढून ठेवायचं. मंगळसूत्र, बांगड्या, क्रॉस, ताईत, देवीचा दोरा. पेशंटला लागतं, जंतू बसतात, म्हणून.

पहिली खुंटी टीचरची स्वतःची. आधी स्वतःचं मंगळसूत्र काढणार, मग पोरींकडे बघणार. कोणाची बोलायची हिंमत?

निघताना फळीला हात जोडायच्या.
"सगळ्यांनी इथेच थांबा. आम्ही जाऊन येतो."

पोरी त्याला देवांचा स्टँड म्हणायच्या.

एका नवरात्रात भांडुपची कोमल अनवाणी निघाली वॉर्डला. नवस होता. टीचरनी अडवलं. म्हणाल्या, पायात सुई घुसली तर देवी इंजेक्शन द्यायला येणार नाही, मलाच यावं लागेल, बूट घाल.

आणि स्वतः? घरून अनवाणीच आलेल्या. तिथेच दारात बसून बूट घातले. मग कोमलनेही घातले.

मग आली सना. मानखुर्दची. डोक्यावर स्कार्फ, हात मनगटापर्यंत झाकलेले.

ऑफिसवाले बोलले, चालणार नाही. सना बॅग भरायला लागली. टीचर तिच्या रूमवर गेल्या, मागून मी चहा घेऊन. चहा कसला, ऐकायलाच गेले होते.

टीचर म्हणाल्या, "डोक्यावर काय घालायचं ते तुझं. कोपराच्या खाली काय, ते पेशंटचं."

ठरलं: स्कार्फ पांढरा, रोज धुतलेला, टोकं आत खोचलेली. बाही वॉर्डात कोपराच्या वर.

सना रडली, चिडली, जेवली नाही. पण सकाळी बाही वर करून खाली आली. वॉर्डातून बाहेर पडली की परत खाली. ऑफिसला टीचरनी सांगितलं, तुम्हाला केस झाकलेले हवेत ना, हिचे सगळ्यात जास्त झाकलेले आहेत.

विषय खल्लास.

आता हसायची तयारी ठेवा.

रमझान चालू होता. ड्युटी संपली आणि पॅसेजमधली लाईट गेली. सनाला त्या दिवशी रोजा सोडायला घरी पोचायचं होतं, टीचरना घरी जाऊन मासे तळायचे होते. दोघींनी अंधारात फळीवर हात घातला, गळ्यात अडकवलं आणि सुटल्या.

टीचरचं रोजचं मंगळसूत्र बारीक काळ्या मण्यांचं. सनाचा ताईत काळ्या दोऱ्यात. खुंट्या शेजारी शेजारी.

सकाळी सनाची अम्मी गेटवर हजर. रुमालात मंगळसूत्र.

"किससे शादी की इसने? अभी बुलाओ उसको."

सना सगळ्यांची शप्पथ घेतेय, अम्मी ऐकायला तयार नाही. अर्धं हॉस्टेल ब्रश तोंडात धरून बाल्कनीत उभं.

तेवढ्यात टीचर आल्या. गळ्यात ताईत.

घरी गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं होतं. पण इकडे तिकडे ठेवून हरवला तर काय, म्हणून गळ्यातच ठेवला. त्यांच्या नवऱ्याला, साहेबांना, काही दिसलं नाही. त्यांनी फक्त माशाची अजून एक तुकडी मागितली.

टीचर अम्मीला म्हणाल्या, "काल माका झक्क झोप लागली. ताईत माझ्याकडेच ऱ्हवांदे काय गो?"

अम्मीला मालवणी कुठून कळणार? पण टीचर गळ्यातला ताईत दाखवत होत्या. अम्मी आधी बघतच राहिली, मग अशी हसायला लागली की खालीच बसली.

मंगळसूत्राचा हुक टीचरना लागेना. अम्मी म्हणाली, "टीचर, गर्दन नीचे करो." आणि स्वतः लावून दिला.

मोठ्या डॉक्टरांसमोर कधी मान खाली घातली नाही त्या बाईने. अम्मीसमोर घातली.

तेव्हापासून ईदला शिरखुर्म्याचा डबा टीचरकडे, गणपतीत मोदकांचा डबा मानखुर्दला. मधल्या मध्ये चव बघायला मी.

आज सना स्टाफ नर्स आहे, झकास काम करते. तिची धाकटी बहीण झोया आमच्याकडे फर्स्ट इयरला. बाही न सांगता कोपराच्या वर करते.

शनिवारी फर्स्ट इयरच्या पोरींना नर्सची टोपी आणि शपथेचा दिवा देण्याचा कार्यक्रम. नवीन मॅडम म्हणतात, स्कार्फ काढला तरच स्टेजवर. सगळ्या सारख्या दिसल्या पाहिजेत. अम्मी म्हणते, मग पोरगी घरी घेऊन जाते.

झोया बॅग भरतेय. चहा घेऊन मी एकटीच गेले.

टीचर म्हणायच्या, "सारख्या कशाला? स्वच्छ दिसूंदेत."

टीचर, फळी मी उचलून आणलीय. पुसून माझ्या खोलीत ठेवलीय. पहिल्या खुंटीला कोणाला हात लावू देणार नाही.

तिकडे सगळे देव समोरासमोर भेटले असतील तुम्हाला. त्यांना पण रांगेत उभं करून नखं तपासली असतील. करा आरामात. माझा नमस्कार घ्या.

आणि मॅडम, तुम्ही माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहात. परवा माझ्या बोंबलाच्या फोटोला लाईक दिलात, म्हणजे हे पण वाचाल. माझी नोकरी पर्मनंट आहे, मी काय घाबरत नाही.

स्कार्फ पांढरा आहे, धुतलेला आहे, कोपर उघडं आहे. झोयाला शनिवारी दिवा मिळणार का?

शुक्रवारी संध्याकाळपर्यंत इथे खाली लिहा. हो की नाही.