आधी पाणी प्या

“आधी पाणी प्या. मग सांगा.”

समोर कुणीही असो, जज्जबाईंचं पहिलं वाक्य हेच. गोऱ्यांशी इंग्रजीत, आपल्यांशी मराठीत. जन्म न्यू जर्सीतला, मराठीला अमेरिकन वळण. पण पाणी विचारायची सवय त्यांच्या आईची. टेबलावरचा पाण्याचा जग स्वतः भरून ठेवायच्या.

मी त्यांच्या कोर्टात अर्ज घ्यायच्या खिडकीवर बसते. मृत्युपत्र, वारसा, पोरक्या मुलांचा पालक, हे बघणारं आमचं काउंटीचं कोर्ट. येणारा प्रत्येक जण कुणाला तरी पोचवून आलेला. आणि बघा, असल्या कोर्टाचा जज्ज इथे मतांवर निवडून येतो!

मतं मागायच्या बाबतीत बाईंपुढे हात टेकले. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत आरती झाल्यावर एका काकांना विचारतात काय, तर “काका, विल केलंत का?” काकांचा मोदक हातातच राहिला.

“अगं, सणासुदीला शुभ बोल जरा,” काकू कडाडल्या.

“काकू, विल नसलं तर तुम्हाला माझ्याकडे खूप चकरा पडतील. मला ते नको आहे.”

पुढच्याच आठवड्यात दोघं गुपचूप विल करून आले.

गेल्या निवडणुकीत तर मंडळाने बाईंना डोक्यावर घेतलं. दारोदार पाट्या, ढोल-ताशा, बटाटेवडे. “आपली पोरगी पडतेच कशी,” म्हणत काका सगळ्यांत पुढे. मला नोकरीमुळे प्रचाराची मनाई. मी सकाळी मत दिलं आणि संध्याकाळी मंडळाच्या हॉलवर निकाल ऐकायला गेले.

बाई पडल्या. अगदी थोडक्यात पडल्या.

माझा विश्वासच बसेना. फोन बंद करून परत चालू केला, तरी तेच. एवढा भरलेला हॉल, मग मतं गेली कुठे?

“काका, तुम्ही किती वाजता मत दिलंत?”

“मी कुठलं देतोय? माझं ग्रीन कार्ड, त्यावर मत नसतं. भारताचा पासपोर्ट सोडवत नाही गं.”

पलीकडचे दोघे व्हिसावर. ढोलवाला एकटा सिटिझन निघाला. तो म्हणाला, “मीटिंग होती यार. ती निवडून येणारच होती ना.”

बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात! संताप आला, रडूही आलं. या कामासाठी बाईंनी चालती वकिली सोडली होती.

बाई सगळं ऐकत मागेच उभ्या होत्या. त्यांनी ग्लास भरून काकांपुढे धरला. “काका, आधी पाणी प्या.”

काका प्यायले. ‘मग सांगा’ काही बाई म्हणाल्या नाहीत.

आता बाई दुसऱ्या गावी राहतात. नवे जज्ज चांगले आहेत, काम भराभर उरकतात. गेल्या महिन्यात काकू एकट्याच खिडकीवर आल्या. काका गेले होते. विल चोख होतं, त्यामुळे काम लगेच झालं. तरी काकू हलेनात. बाईंच्या जुन्या खोलीच्या बंद दाराकडे बघत राहिल्या.

मग हळूच म्हणाल्या, “इथे पाणी मिळायचं ना गं?”