तेरावीचं कव्हर

पुण्याची गाडी सांगली स्टँडवर लागली, तेव्हा अण्णांनी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली आणि मग माझ्या हातात पिशवी दिली. "तुझं जर्नल वरच ठेवलंय. कव्हर घातलंय, आता मळायचं न्हाई."

मी पिशवीत डोकावले. सबंध मे महिना खपून सजवलेलं माझं आर्ट जर्नल खाकी कागदात झाकलेलं होतं. वर शाळेतलं लेबल. विषय : चित्रकला. इयत्ता : तेरावी.

"आवं, किती नटवलं हुतं पोरीनं! झाकून टाकलासा?" आई म्हणाली.

"उघडं बडोद्यापातूर टिकंल व्हय?"

गाडी सुटली. सातारा मागे पडला तरी पिशवी मांडीवर तशीच होती.

बडोद्याच्या कॉलेजने प्रवेश देताना सांगितलं होतं, की पहिल्या दिवशी येताना जर्नल आणा, आणि त्याचं कव्हर असं सजवा की वेगळी ओळख करून द्यायला नको. एवढ्या एका वाक्यावर मी खूश होते. इंग्रजी माध्यमात शिकूनही चारचौघांत मला कुठल्याच भाषेत बोलता येत नसे. माझ्याऐवजी ते कव्हर बोलणार होतं. पुठ्ठ्यावर कणकेच्या खळीने मी हळदीच्या पोत्याचा तुकडा चिकटवला होता, साताऱ्याच्या मावशीच्या शिलाई मशीनखाली पडलेले खणाचे कपटे, एसटीची तिकिटं, लग्नपत्रिकेचा सोनेरी कागद. आणि मधोमध लोखंड घासायचा काळा पॉलिश पेपर. अण्णा कुपवाडला एका कारखान्यात लेथवर काम करत. तो तुकडा त्यांचा वापरलेला होता. अंगठ्याने दाबून दाबून एका जागी गुळगुळीत झालेला, बाकी सगळा खरखरीत.

तो त्यांनी बघावा म्हणून जर्नल आठवडाभर मी टीव्हीवर वाळत ठेवलं होतं. अण्णा कामावरून येत, हात धूत, चहा घेत, बातम्या बघत. जर्नलबद्दल एक शब्द नाही. आणि शेवटी त्यावर खाकी कागद.

खरं तर आमच्या घरात ते दर जूनचं काम. शाळेचा नियम होता, सगळ्या वह्या-पुस्तकांना ब्राऊन पेपर. अण्णा सातवी शिकलेले. माझ्या अभ्यासात त्यांना काही सांगता येत नसे, म्हणून रविवारी जमिनीवर कागद पसरून बसत आणि नखाने घडी दाबत म्हणत, "इंग्रजी मला येत न्हाई, कव्हर येतं." डिंकाचा थेंबही ते पुस्तकाला लागू देत नसत.

बडोद्यात पहिल्या दिवशी टेबलावर जर्नलांची रांग लागली. पिसं, बटणं, आरसे, कुणाची तुटकी बांगडी. त्यात माझं खाकी. "अरे, ये तो स्कूल का होमवर्क ले आयी!" कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. मॅडमनी हे कुणी घातलं म्हणून विचारलं. "माय फादर," मी म्हणाले. त्या कॉलेजातले माझे पहिले दोन शब्द.

कव्हर न फाटता अलगद निघालं. त्याच्या आतल्या बाजूला, बरोबर मध्ये, कागदाचा आणखी एक चौकोन चिकटवलेला होता. मला वाटलं, फाटका कागद वापरला असेल. हसणं थांबलं होतं. मॅडम पॉलिश पेपरवरून बोट फिरवत राहिल्या. त्या अंगठ्याबद्दल मला सांगायचं होतं. सांगता आलं नाही. खोलीवर परतल्यावर कव्हर पुन्हा चढवलं, आणि ते तसंच राहिलं.

आता तीन वर्षं झाली. 'चालेल'च्या जागी गुजराती 'चालशे' तोंडात येतं. डाळीतला गूळ आवडू लागलाय, हे आईला अजून सांगितलेलं नाही. तुमच्यापैकी जे बाहेर पडलात त्यांना माहीत असेल, गावी गेल्यावर आपण पाहुण्यासारखे आणि इथे परत आल्यावरही पाहुण्यासारखेच.

या जूनमध्ये ते खाकी कव्हर घड्यांवर फाटलं. नवा कागद आणला, पण कोपरे काही केल्या बसेनात. शेवटी कागद आणि जर्नल घेऊन एसटीडी बूथ गाठला. सांगलीला घराशेजारच्या दुकानदाराने अण्णांना फोनवर बोलावून आणलं.

"आदी कात्री बाजूला ठेव," अण्णा म्हणाले. "कोपरा आत दाब, मग वरची पट्टी. आनि मधी तो माझा पॉलिश पेपर हाय न्हवं? तितं आतनं डबल कागुद लाव. खरखरीत हाय, कव्हर फाडतोय. मागल्या बारीला लावला हुता मी."

रिसीव्हर खांद्याशी धरून मी थांबले. मीटरचे लाल आकडे पळत होते.

"म्हणजे तुम्ही बघितलं होतं?"

"न बघता कव्हर घालतंय व्हय कोन? मावशीचा येक खण उलटा चिकटवलायस बघ."

"मग बोलला का नाहीत?"

"तू कुटं इचारलंस?"

मी जर्नलवर तो उलटा खण शोधला. बाहेर उभ्या असलेल्या माणसाने काच वाजवली.

घर कुठलं, असं कुणी विचारलं की मी सांगली सांगते, आणि ते खरंच आहे. पण आता मनात येतो तो खाकी कागदाच्या आतला चौकोन, जो बाहेरून कुणालाच दिसत नाही.

खोलीवर येऊन मी तो चौकोन कापला आणि नेमका जागेवर लावला. कोपरे बसले. मग लेबल चिकटवलं आणि इयत्ता लिहिली : सोळावी.