सहा हजार दोनशे नव्वद दिवस

इस्माईलचाचा नसते तर मी अजून पावणे गावातल्या त्या वर्कशॉपात गिअरच्या दातांवर कानस घासत बसलो असतो. हे आधी सांगतो, मग बाकीचं.

शेटनी मला नुकतंच कानशीवरून उठवून हिशेबाच्या टेबलावर बसवलं होतं. मी हिंगोलीकडचा, आठवीत शाळा सोडलेला. परत खाली पाठवतील ही धास्ती रोज असायची. पहिलीच ऑर्डर आली ती एका कॉलेजच्या चंद्राच्या घड्याळाची. अमावास्या ते अमावास्या, तबकडीचा एक फेरा. प्रोफेसरांनी आकडा दिला, २९.५३०५९ दिवस. मी सरळ साडेएकोणतीस धरले.

"पावणेतीन वर्षांत एक दिवस चुकेल," प्रोफेसर म्हणाले.

शेट माझ्याकडे वळले. "शुक्रवारपर्यंत जमव. नायतर कानस आहेच."

गिअरचं गणित सोपं असतं. संख्येचे तुकडे पाडायचे आणि तुकड्यांएवढ्या दातांचे गिअर कापायचे. त्या घड्याळाच्या पेटीत शंभर दातांपेक्षा मोठा गिअर मावत नव्हता. मी दशांशचिन्ह काढून २९५३०५९ ला भागायला घेतलं. तीनने गेली. उरले ९८४३५३. मग सात, अकरा, तेरा करत सत्त्याण्णवपर्यंत आलो. एकाही मूळ संख्येने भाग जाईना. मूळ संख्या म्हणजे जिचे आणखी तुकडेच पडत नाहीत ती.

इस्माईलचाचा आमचे सेटर, म्हणजे मशीन लावून देणारे. श्रीवर्धनकडचे. माझं तोंड बघून जवळ आले.

"काय रे, घरून तार आली काय?"

"चाचा, हा आकडा फुटत नाय."

त्यांनी कागद लांब धरून वाचला. "एकच महिना घेऊन बसलास तर कसा फुटेल? आमचा महिना कधी एकोणतीसचा, कधी तीसचा. चांद दिसला की नवा. अर्धापाव दिवस आमाला ठाऊकच नाय. तू खूप महिने जोड, पुरे दिवस मिळतील."

दुसऱ्या दिवशी ते पिशवीभर डायऱ्या घेऊन आले. दर महिन्याला चांद कितव्या दिवशी दिसला, ते अठरा वर्षं लिहिलेलं. आकडे उर्दूत, म्हणून ते वाचायचे आणि मी जोडायचो. बेरजेला महिन्यांनी भागायचं, प्रोफेसरांच्या आकड्याला अगदी चिकटून आली तर ती फोडून बघायची. एकोणपन्नास महिन्यांचे दिवस १४४७. मूळ संख्या! चाचा हसले. "अडेलतट्टू हाय. पुढं चल."

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत दोनशे तेराव्या महिन्याला पोचलो. ६२९०. निम्मे ३१४५. पाचने ६२९. सतराने सदतीस. सगळे तुकडे लहान. भागाकारात खाली महिने २१३, म्हणजे तीन गुणिले एकाहत्तर. तीन दातांचा गिअर नसतो, म्हणून वर-खाली साठने गुणलं. बारा, पंधरा, एकाहत्तर दातांचे गिअर फिरवणार. साठ, चौऱ्याहत्तर, पंच्याऐंशीचे फिरणार. सगळे शंभरच्या आत.

चंद्र आपला फिरत होता, चाचा गच्चीवर जाऊन बघत होते, कुणी काही ठरवलं नव्हतं. आणि इतक्या दिवसांची रास अशी अलगद सुटी झाली होती.

"ढग होते तेवा लोकांचं ऐकून लिवलंय हां," चाचा घाबरून म्हणाले. "एखादा दिवस हिकडंतिकडं असंल."

प्रोफेसरांनी तपासलं. फरक महिन्याला सहा सेकंद. "कुठल्या पुस्तकातून काढलंत?" त्यांनी विचारलं. मी चाचांकडे बोट दाखवलं.

शेट एवढंच म्हणाले, "डायरीवरनं गिअर! कापा." शनिवारी मी टेबलावरच होतो.

आकडा फुटत नसेल तर खोट आकड्यात नसते, आपण तो नको तिथे तोडलेला असतो.

चाचा आता रिटायर होऊन गावी आहेत. मोतीबिंदूमुळे त्यांना चांद दिसत नाही, नातीला विचारून लिहून घेतात. बोटांनी चाचपून चांदाची तारीख कळेल असं छोटं घड्याळ मी त्यांच्यासाठी कापणार आहे. सगळे गिअर माझ्या हातचे. कधी होईल माहीत नाही, पण देणार.