चाळीस टक्क्यांवर पास

राजाराम पुलाचा चौक मागे पडला आणि दिगंबरराव पुन्हा थांबले.

"बघा वहिनी, हे गटाराचं झाकण. नवं कोरं, आणि आत्ताच डुगडुगतंय. कर कशाचा घेतात हे लोक?"

मंदाकिनीबाईंनी झाकणाकडे पाहिलंच नाही. त्या दिगंबररावांच्या कपाळावरचा घाम बघत होत्या. मघाशी विजेचा खांब वाकडा होता, त्याआधी दुभाजकाचा रंग चुकला होता. दम लागला म्हणायला या गृहस्थांची जीभ रेटत नव्हती, म्हणून बिचारी महापालिका शिव्या खात होती.

दर संकष्टीला आनंदनगरहून सारसबागेच्या गणपतीला पायी जायचं, ही त्यांच्या सोसायटीची प्रथा. पुढारी अर्थात दिगंबरराव. कुणी मागे पडलं की ते वळून म्हणत, "या सावकाश, चंद्रोदयापर्यंत देव जागाच आहे." आज मंडळी केव्हाच पुढे गेली होती. मंदाकिनीबाई मागे राहिल्या त्या दिगंबररावांच्या बायकोने, पद्मजाने, हात जोडले म्हणून. नाहीतर या माणसाची संगत उपासाच्या दिवशी कोण करणार!

नोकरीभर परीक्षा मंडळात निकालाचं काम केलेला माणूस. जावई निवडला तो टक्के बघून. शेजारचं पोर पेढे घेऊन आलं की आधी "किती?" आणि मग, "बासष्ट? आणि तरी पेढे?" पेढा मात्र खायचे.

गेल्या संकष्टीला त्यांच्या छातीत भरून आलं, डावा हात जड झाला. खापर फुटलं साबुदाण्याच्या खिचडीवर. पद्मजाने दवाखान्यात नेलं, तिथे हृदयाची सोनोग्राफी, टूडी इको, झाली. हृदयाची एक भिंत कमी हलते, पंपाची ताकद चाळीस टक्के, असा रिपोर्ट आला. डॉक्टरीणबाई अँजिओग्राफी करून घ्या म्हणाल्या, तर यांनी त्यांनाच झापलं. "निकाल कसा वाचायचा ते मला शिकवू नका. पस्तीसला पास असतं." वर रिपोर्ट लॅमिनेट करून सोसायटीभर दाखवून आले.

"भिंत कमी हलते म्हणे!" झाकणापाशी उभ्याउभ्याच ते हसले. "हलणारी भिंत कुणाला हवी आहे? आणि तो नुसता शेरा, वहिनी. शेऱ्यावर कुणी नापास होत नाही."

मंदाकिनीबाईंनी हातातली दुर्वांची जुडी पिशवीत ठेवली. "मूठ आवळा बघू."

"कशाला?"

"आवळा हो! आता उघडा. परत आवळा. हृदय असं चालतं. आता दोन बोटं आखडलीच नाहीत असं समजा. ती तुमची भिंत. तिला रक्त पुरत नाही, म्हणून ती हलत नाही. साबुदाण्याचा काय संबंध?"

"आणि चाळीस टक्के?"

"तो पेपर शंभराचा नसतोच. धडधाकट माणसाचं हृदयसुद्धा साठच्या आसपासच असतं. आमच्या ह्यांच्या वेळी डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारून समजून घेतलंय मी."

"माधवरावांना किती होते?"

"पंचेचाळीस."

दिगंबररावांचा चेहरा पडला. आपले नेमके पाच कमी, तेवढंच त्यांना टोचलं असावं. "मग?"

"मग काय! तेही उद्या जाऊ, उद्या जाऊ म्हणत राहिले. खांदा तुम्हीच दिलात की."

दिगंबरराव मुठीकडे बघत राहिले. मग रस्त्याच्या कडेच्या कठड्यावर बसले. समोर एक दुचाकीवाला उलट्या दिशेने फुटपाथवरून गेला, तरी त्यांनी त्याला हटकलं नाही. मंदाकिनीबाई त्यांना इतकी वर्षं ओळखत होत्या, पण असं कधी झालं नव्हतं. त्यांनी मनातल्या मनात विघ्नहर्त्याला हात जोडले आणि म्हटलं, देवा, दर्शन राहिलं आज, राग मानू नकोस. या अडाण्याला शहाणा म्हणत म्हणत आम्हीच मोठं केलंय.

"दुखतंय का?"

"थोडं." मग जरा वेळाने, "तेव्हासारखंच."

त्या रिक्षा बघायला वळल्या, तोच दिगंबररावांनी त्यांच्या पदराचं टोक धरलं. लहान मूल धरतं तसं.

"वहिनी, दवाखान्यात चला माझ्याबरोबर. डॉक्टरीणबाईंशी तुम्हीच बोला. आणि एक करा…" ते घाम पुसत थांबले. "रिक्षा सारसबागेच्या दारावरून न्यायला सांगू नका. मंडळी उभी असतील."