मार्थामावशींची बिनसाखरेची बिस्किटं

चर्चची घंटा संथ वाजायला लागली तेव्हा मी कणीक मळत होते. वसईच्या माणिकपुरात इतकी वर्षं काढल्यावर लग्नाची घंटा कुठली आणि मयताची कुठली, एवढं मलाही कळतं. पिठाच्या हातांनी गॅलरीत गेले, तर खालून कोणीतरी सांगितलं, मार्थामावशी गेल्या. आणि मला आठवलं काय, तर दोनच दिवसांपूर्वीचं त्यांचं हॉस्पिटलातलं बोलणं. दम लागत होता, तरी हसून म्हणाल्या होत्या, "बाय, या वेळी तुझ्या काकांना हरवलं बघ." हे हरवणं काय, ते कळायला जरा मागे जायला हवं.

नव्वदच्या आसपास आम्ही साताऱ्याहून इथे फ्लॅटमध्ये राहायला आलो. शेजारच्या वाडीतलं बैठं घर मार्थामावशी आणि इनासकाकांचं. काकांना मधुमेह, आणि बिस्किटाशिवाय चहा घशाखाली उतरत नाही. डॉक्टरांनी बंद करायला सांगितलं तर हा माणूस नाक्यावर जाऊन नानकटाई खाऊन यायचा, मिशीला चुरा तसाच. मावशी हसायच्या, पण आतून घाबरलेल्या असायच्या. याच दुखण्यात त्यांच्या सासऱ्यांचा पाय कापावा लागला होता. ओरडून उपयोग नाही हे कळल्यावर एक दिवस म्हणाल्या, "खाणारच आहेत ना, मग माझ्या हातचं खाऊ देत. बघूया तरी, साखरेशिवाय बिस्कीट होतं का ते."

पहिला प्रयोग सुकेळ्यांचा. राजेळी केळी उन्हात वाळवून केलेली सुकेळी म्हणजे वसईकरांचा जीव की प्राण. मावशींच्या लेखी ते फळ, त्याचा साखरेशी संबंधच नाही. नाचणीच्या पिठात बारीक चिरून घातली, तुपाचा हात आखडता घेतला, आणि काय सांगू, बिस्किटं झकास झाली. काकांनी डबा फस्त केला. पुढच्या तपासणीत रक्तातली साखर पहिल्यापेक्षा वर! दुसरी कोणी कपाळाला हात लावून बसली असती. मावशी रिपोर्ट हातात धरून विचारात पडल्या... "म्हणजे केळ्यात पण साखर असते तर. आणि मग चिकूत? भातात?" डॉक्टरांना त्यांनी इतकं विचारलं की बाहेर बसलेले पेशंट कुरकुरायला लागले. सुकेळी गेली. मग तीळ आले, गव्हाचा कोंडा आला, कधी जायफळ, कधी बडीशेप. एकदा मेथी घातली होती, ते बिस्कीट दारातल्या मोत्यानेही हुंगून सोडून दिलं.

घरात ओव्हन नव्हता. नाताळ आला की इथल्या बायका कच्ची नानकटाई ताटात मांडून बेकरीच्या भट्टीवर भाजायला नेतात. मावशी वर्षभर न्यायच्या. तिथे ताटांची सरमिसळ होते, म्हणून प्रत्येक घराची खूण ठरलेली. कोणी काट्याच्या रेघा ओढणार, कोणी शर्टाचं बटण दाबणार. मावशींची खूण शिवताना बोटात घालायच्या अंगुस्तानाची, मधोमध खळगा आणि त्यात बारीक ठिपके. दर खेपेला त्या एकच जिन्नस बदलायच्या आणि चहाला बसलं की विचारायच्या, "सांगा बघू, या वेळी काय बदललं?" काका डोळे मिटून चावायचे आणि दरवेळी बरोबर सांगायचे. चिमूटभर जायफळसुद्धा. मला एकदाही जमलं नाही, आणि खरं सांगते, त्याचा मला रागच यायचा.

परवा काकांकडे गेले होते. मावशींना जाऊन महिना होत आला. चहा त्यांनीच केला, डब्यात तळाशी तीन-चार बिस्किटं उरली होती ती पुढे केली. मी एक तोंडात घातलं आणि थांबलेच. गोड होतं... चांगलं साखरेचं गोड.

"काका, हे..."

"तिची शेवटची भट्टी. मला पण आधी वाटलं, ताट बदललं. पण खूण बघ."

खूण अंगुस्तानाचीच होती. "मग तुम्हाला तेव्हाच कळलं असणार," मी म्हटलं.

"साखर न कळायला काय झालं?" काका म्हणाले. "हॉस्पिटलात तिने विचारलं, ओळखलं का. मी म्हटलं, नाही बा. ओळखलं म्हटलं असतं तर परत घातली असती का तिने? एवढी खूश झाली, नर्सला बोलावून सांगितलं."

मला तेव्हापासून चैन नाही. ज्या बाईने इतकी वर्षं घरात साखरेचा डबा ठेवला नाही, तिने ती का घातली? आपण जाणार हे त्यांना कळलं होतं, की नुसतंच 'बघूया तरी'? आणि जायफळ ओळखणाऱ्या जिभेला साखर कळली नाही, हे मावशींना खरंच पटलं होतं? मी तिथल्या तिथे काकांनाच विचारलं.

"तेच विचारायचं राहिलं, बाय," ते म्हणाले.

मी डबा त्यांच्याकडे सरकवला. त्यांनी एक बिस्कीट उचललं, खिडकीच्या उजेडात धरलं, खळग्यावरून बोट फिरवलं आणि परत डब्यात ठेवून झाकण लावलं.

"नको," म्हणाले, "साखर वाढते."